बांगडी चढेना तेव्हा : आमवाताच्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी वर्धा-यवतमाळच्या सीमेवरच्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. हे प्रकरण आमच्याच बाह्यरुग्ण विभागातलं. रुग्णाच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे शेवंताबाई म्हणू.

वय ४१. दीड एकर कोरडवाहू, तीही दिराच्या वाट्यात. पोट चालतं ते मजुरीवर : पावसाळ्यात निंदण, दिवाळीपासून कापूस वेचणी, हिवाळ्यात दोन-अडीच महिने जिनिंगमध्ये रुई उचलायचं काम. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. चांगल्या दिवशी त्या ४० किलोपर्यंत वेचत. म्हणजे त्यांची दहा बोटं हीच घरातली सगळ्यात नियमित मिळकत. नवरा बिडी ओढतो, खर्रा खातो. त्या स्वतः बिडी ओढत नाहीत, पण लग्नाआधीपासून सकाळ-संध्याकाळ गुल, म्हणजे तंबाखूची दंतपूड, घासतात. मुलगा एकवीसचा, मुलगी एकोणीसची. दोन वर्षांपूर्वी सासूला टीबी झाला होता, सहा महिने औषधं घेऊन ती बरी झाली. ही शेवटची गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. कळली म्हणजे काय, आम्ही फार उशिरा विचारली.

त्या वर्षी पावसाळा सरताना आमच्या भागात घरोघरी चिकनगुनिया होता. २००६ सालची मोठी साथ इथले लोक विसरलेले नाहीत. ताप आणि सांधे एकत्र दुखले की गावात तपासणीआधीच निदान होतं. शेवंताबाईंना चार दिवस ताप आला, अंग मोडून आलं. रक्त कुणी तपासलं नाही. ताप गेला, गुडघे आणि कंबर सुटली, हात मात्र सुटले नाहीत.

पहिली भेट, जी हातातून गेली

डिसेंबरात त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. सोमवार होता, केसपेपर १४० च्या वर गेले होते.

"मले चिकनगुन्या झाल्ता मॅडम. बाकी समदं गेलं, हे हाताचं तेवढं राह्यलं."

मी मान डोलावली आणि लिहिलं : तापानंतरची सांधेदुखी. पॅरासिटामॉल, कॅल्शियम, पंधरा दिवसांनी या. दीड मिनिट लागलं असेल.

ताप येऊन तेव्हा दहा आठवडे झाले होते. दोन्ही हातांची बोटं तळव्याला जिथे जुळतात ते सांधे सुजलेले होते, हे मला आज केसपेपरवर दिसत नाही, कारण मी ते पाहिलेच नव्हते. सकाळी हात किती वेळ आखडतात हेही विचारलं नव्हतं. त्यांनी रोगाचं नाव स्वतःच सांगितलं आणि मी ते उतरवून घेतलं. या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती माझी.

चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात हे खरंच आहे. काहींचं दुखणं हुबेहूब आमवातासारखं दिसतं. म्हणूनच तर फसायला होतं. पण दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सहा आठवड्यांहून जास्त सूज राहिली, तर 'थांबून पाहू' म्हणायची मुदत संपलेली असते. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते, आणि हाडाची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. झिजलेलं हाड कुठल्याच औषधानं परत येत नाही.

मधले चार महिने

पंधरा दिवसांनी त्या आल्या नाहीत. वेचणीचे दिवस होते, एक दिवस रुग्णालयात घालवला की मजुरी बुडते. शेजारच्या गावात एक 'डॉक्टर' मोटरसायकलवर येतो. त्याच्या पुडीत तीन गोळ्या असत : एक पिवळी, एक गुलाबी, एक बारीक पांढरी. पुडी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मूठ वळायला लागली.

"एक पुडी खाल्ली का माणूस रानात उभा राहे मॅडम. तुमच्या गोळीनं काहीच नव्हतं झालं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुडी काम करत होती, माझी गोळी करत नव्हती. ती बारीक पांढरी गोळी डेक्सामेथाझोन, म्हणजे स्टेरॉईड होती, हे पुढे मुलानं मोबाईलवर दाखवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पत्त्याच्या (स्ट्रिपच्या) फोटोवरून कळलं. अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टेरॉईडच्या हिशेबात रोजचे साधारण १० मिलिग्रॅम, चार महिने, कसलीही तपासणी नाही.

एप्रिलमध्ये त्यांना आमच्याकडे परत आणलं ते गावच्या आशा स्वयंसेविकेनं, आशाताईंनी. गावात लग्न होतं, बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. शेवंताबाईंच्या हातात नेहमीच्या मापाची बांगडी चढेना. कासारणीनं साबण लावला, हात दाबला, तर बाई ओरडल्या आणि रडायला लागल्या. आशाताई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, हे चिकनगुनियाचं नाही वाटत, उद्या माझ्यासोबत चला.

अडचण : एका माणसात पाच दुखणी

या वेळी मी हात हातात घेतले. बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं, हस्तांदोलनात दाबतो तेवढंच. त्यांनी हात ओढून घेतला. मनगटं, बोटांचे मधले सांधे, पायांचे चवडे मिळून १२ सांधे धरलेले होते. सकाळी हात मोकळे व्हायला दोन तास लागत.

चेहरा गोल, सुजल्यासारखा. वजन मात्र ४३ किलो, वर्षात सहा किलोनं उतरलेलं. रिकाम्या पोटी साखर १९४. हिमोग्लोबिन ७.९. दीड महिन्यापासून खोकला. खालच्या हिरड्या खाली सरकलेल्या, दोन दात हलणारे.

आमवातासाठी करतात ती आर. ए. फॅक्टरची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. एवढ्यावर निदान झालं असं पुष्कळांना वाटतं, पण ही तपासणी टीबी, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी आणि नुसत्या म्हातारपणातही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आमवाताच्या प्रत्येक रुग्णात ती येतेच असंही नाही. अँटी-सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी जास्त भरवशाची. तिचा नमुना नागपूरला पाठवला. खर्च घरच्यांनी केला, शेळी विकून. तीही बऱ्याच वरच्या आकड्यानं पॉझिटिव्ह आली. अंगातला दाह दाखवणारं सीआरपी वाढलेलं होतं.

आमवात ठरवायची २०१० सालची जागतिक गुणपद्धत आहे, १० पैकी ६ गुण पुरतात. शेवंताबाईंना १० पैकी १० पडत होते. पण त्याच पद्धतीत एक अट आहे, जी घाईत वाचायची राहून जाते : सांध्यांची सूज दुसऱ्या आजारानं नीट उलगडत नसेल तरच हे गुण मोजायचे. आणि दुसरे आजार तर रांगेत उभे होते.

सिकलसेल. तांबड्या पेशींचा हा आनुवंशिक आजार; विदर्भात त्याचं नाव घेतल्याशिवाय अंगदुखीचा विषय संपत नाही, आणि ते रास्तही आहे. त्याची प्राथमिक, विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली आणि वॉर्डात सगळ्यांनीच सुटकेचा श्वास सोडला : 'सिकलचं दुखणं'. पुढच्या तपासणीत त्या फक्त वाहक निघाल्या, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला, आजार नाही. वाहकाला या गुणधर्मामुळे ना असा रक्तक्षय होतो ना सांधे सुजतात. हा दुसरा आयता गुन्हेगार, चिकनगुनियाइतकाच सोयीचा. 

रक्तक्षय. वर्षभर त्या लोहाच्या गोळ्या घेत होत्या आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. गोळ्या फेकत असतील असं आमच्या परिचारिकेला वाटलं. तसं नव्हतं. शरीरात दाह पेटलेला असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, आणि ते आतड्यातून लोह रक्तात शिरायची वाटच बंद करतं. पाळीत रक्त जास्त जात होतं हे खरं, पण दाह शमेपर्यंत गोळ्या वाया जाणार होत्या.

टीबी. थुंकी ट्रूनॅट या जंतू शोधणाऱ्या यंत्रावर पॉझिटिव्ह आली, टीबीच्या मुख्य औषधाला, रिफॅम्पिसिनला, दाद देणारी. छातीच्या फोटोत उजवीकडे वर डाग. घरात सासूचा टीबी, अंगात चार महिन्यांचं स्टेरॉईड. जंतू आधीपासून झोपलेले असतील तर त्यांना उठवायला एवढं पुरतं.

आता खरा पेच. टीबी चालू असताना सांध्यात जंतू नसूनही सांधे सुजतात, असा एक विरळा प्रकार आहे. १८९७ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या पाँसे या फ्रेंच शल्यचिकित्सकाच्या नावानं तो ओळखला जातो. टीबीची औषधं लागली की काही आठवड्यांत तो ओसरतो. सक्रिय टीबीत काही जणांचं अँटी-सीसीपीसुद्धा पॉझिटिव्ह येतं. म्हणजे आमची सगळ्यात भरवशाची साक्षही आता तितकी पक्की राहिली नव्हती. शेवटी हातांच्या एक्स-रेनं निकाल दिला : उजव्या करंगळीच्या मुळाशी हाडाच्या कडेला खाल्ल्यासारखी बारीक खाच. पाँसेचा प्रकार हाड असं कुरतडत नाही. दोन आजार होते, दोन्ही खरे.

समोर असलेले पर्याय

वैद्यकीय महाविद्यालयातल्या संधिवाततज्ज्ञांशी फोनवर बोलले. तीन वाटा होत्या.

पहिली, टीबीची औषधं आणि आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट लगेच एकत्र. टीबीच्या चार औषधांपैकी तीन यकृतावर भार टाकणारी, मेथोट्रेक्सेट चौथं. शिवाय ते संरक्षण यंत्रणेला आवर घालणारं, आणि जंतू अजून अंगात. ही वाट कुणालाच पटली नाही.

दुसरी, टीबीचे पहिले दोन महिने काढून, यकृताच्या तपासण्या करत मेथोट्रेक्सेट सुरू करायचं. तज्ज्ञांचा कल इकडे होता.

तिसरी, सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांबायचं, मधल्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचं सौम्य औषध आणि थोडं स्टेरॉईड यांवर सांधे सांभाळायचे.

ते स्टेरॉईड तर मला तिथल्या तिथे बंद करायचं होतं. साखर त्यानंच चढवली होती, टीबीला हात त्यानंच दिला होता. पण बाहेरून महिनोन्‌महिने मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं थांबवतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. त्यात रिफॅम्पिसिन यकृताला स्टेरॉईड झपाट्यानं मोडायला लावतं, त्यामुळे तोच डोस निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणजे ज्या औषधावर राग, तेच काही दिवस वाढवून द्यायचं. नातेवाइकांना हे समजावताना माझीच दमछाक झाली. "पुडीवाल्याचीच गोळी तुम्ही बी देता काय?" मुलानं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

काय केलं

पुडी बंद करून डेक्साच्या जागी प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम, मग दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं खाली. टीबीची औषधं वजनाप्रमाणे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज २०० मिलिग्रॅम; ४३ किलोला त्याहून जास्त देऊ नये, डोळ्याच्या पडद्याला धोका. साखरेला मेटफॉर्मिन. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सीवर मी विसंबले नाही, कारण लोहाच्या कमतरतेत तो आकडा चुकतो. उपाशी आणि जेवणानंतरची साखर आशाताईंच्या ग्लुकोमीटरवर. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषण आहाराचे महिन्याचे १,००० रुपये बँकेत यायला तिसरा महिना उजाडला.

दंतचिकित्सक आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात. हलणारे दात काढले, हिरड्या साफ केल्या, गुल सोडायला सांगितलं.

दोन महिन्यांनी ठरवायची वेळ आली. यकृताची तपासणी केली तर यकृतावरचा ताण दाखवणारा एएलटीचा आकडा ९० वर. नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पटही नाही म्हणा, पण आमच्याकडे ही तपासणी कधी अभिकर्मक संपला म्हणून, कधी यंत्र बंद म्हणून महिना-महिना होत नाही. लक्ष ठेवता येणार नसेल तर ते औषध सुरू करू नये, असं मी ठरवलं आणि तिसरी वाट धरली. तज्ज्ञांनी 'तुमच्या हातात आहे' म्हटलं. त्या चार महिन्यांत करंगळी आणखी कलली. तपासणी वेळेवर मिळाली असती तर दुसरी वाट धरली असती.

टीबीचा कोर्स संपून थुंकी स्वच्छ आल्यावर मेथोट्रेक्सेट लावलं. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, म्हणून गर्भाचा प्रश्न नव्हता. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीव जातो, इतकं ते सरळ आहे. त्यांच्या गावाचा बाजार बुधवारी. म्हणून सांगितलं : बाजाराच्या दिवशी चार गोळ्या, आणि शुक्रवारी फॉलिक ॲसिड. ही युक्ती मला स्वतःला फार आवडली होती. दुसऱ्याच महिन्यात अवकाळी पाऊस लागला, बोटं सुजली, आणि बाईंनी बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी सलग तीन दिवस गोळ्या घेतल्या. वेदनाशामक गोळी दुखलं की घेतात, मग ही का नाही? तोंडात फोड आले म्हणून आशाताईंनी पत्ते मोजले. पांढऱ्या पेशी ३,८०० वर आलेल्या, तिथेच थांबल्या. दोन आठवडे औषध बंद ठेवून पुन्हा सुरू केलं. तेव्हापासून पत्ते आशाताईंच्या घरी असतात. बाजाराला जाताना बाई तिथे थांबतात, त्या आठवड्याच्या गोळ्या समोर गिळतात. गरजेप्रमाणे डोस पुढे १५ मिलिग्रॅमपर्यंत नेला.

"काऊन झालं?"

हा प्रश्न त्यांनी प्रत्येक भेटीत विचारला. शेजारणीनं 'वांगं-आंबट खाल्लं' सांगितलं होतं, सासूनं आणखी काही.

मी त्यांना सांगितलं ते असं. आईकडची एक मावशी 'वाकड्या बोटांची' म्हणून गावात ओळखली जायची. म्हणजे जमीन वारशानं थोडी तयार. पण वारसा एकटा पुरत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला आमवात असेल तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास राहतं. बाहेरच्या कारणांत सगळ्यात पक्कं धूम्रपान. फुप्फुसात धुरानं प्रथिनांचं रूप बदलतं, आणि ते बदललेलं रूप शरीर परकं समजतं; अँटी-सीसीपी ही त्याविरुद्धचीच प्रतिपिंडं, जी दुखणं सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधी रक्तात सापडू शकतात. सुजलेल्या हिरड्यांतला एक जंतू प्रथिनांत हाच बदल घडवतो, म्हणून दाताच्या डॉक्टरचा आग्रह. न ओढता वापरायच्या तंबाखूचं मात्र असं नातं स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं नाही. गुल सोडायला सांगितलं ते हिरड्यांसाठी आणि तोंडाच्या कर्करोगाच्या भीतीनं, आमवाताचं खापर त्यावर फोडायला नव्हे. धूळही कारणांत येते : दगडाच्या सिलिका धुळीबद्दल पुरावा जुना आहे, आणि मलेशियात कापड कारखान्यांच्या धुळीत काम केलेल्या स्त्रियांमध्ये आमवात जास्त आढळला आहे. जिनिंगमधली रुई त्याच जातीची धूळ. यातलं त्यांच्या बाबतीत नेमकं काय, हे कुणी बोट ठेवून सांगू शकणार नाही. चिकनगुनियानं फार तर ठिणगी टाकली असेल, गंजी आधीच रचलेली होती.

त्या ऐकून म्हणाल्या, "म्हंजे माह्या हातून काई पाप नाई झालं." मी एवढा वेळ प्रथिनांवर बोलत होते आणि त्यांना हवं होतं ते एवढंच.

काय झालं

पहिल्या भेटीपासून वीस महिन्यांनी : सकाळचं आखडणं दोन तासांवरून वीस मिनिटांवर. सुजलेले सांधे १२ वरून २. स्टेरॉईड पूर्ण बंद. ते उतरलं तशी साखरही उतरली. मेटफॉर्मिनची अर्धी मात्रा अजून चालू आहे. दाह ओसरल्यावर त्याच लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन १०.६ वर आलं. आमवातात हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट असतो, म्हणून रक्तदाब आणि चरबी दर सहा महिन्यांनी पाहतो.

करंगळी कललेलीच आहे. भाकरी थापता येते. वेचणी दिवसाला १५ किलोच्या वर जात नाही, जिनिंग सोडलं. आजार आटोक्यात आला असं मी लिहिते. घराची मिळकत निम्म्याहून खाली गेली, हे केसपेपरवर लिहायला रकाना नाही.

आज वेगळं काय करीन

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघर झालेल्या पाहणीत आमवात साधारण हजारी पाच प्रौढांत सापडला होता. तो हिशेब लावला तर आमच्या रुग्णालयाच्या हद्दीत तीनशेच्या आसपास रुग्ण असायला हवेत. आमच्या नोंदवहीत तेव्हा अकरा होते. उरलेले पुड्या खात असणार.

डिसेंबरातच बोटांची मुळं दाबली असती तर चार महिने वाचले असते, पुडी टळली असती, कदाचित टीबीही. घरात कुणाला टीबी झाला होता का, हा प्रश्न मी आता सांधे धरलेल्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत विचारते. मेथोट्रेक्सेटचा पत्ता रुग्णाच्या घरी द्यायचा की आशाताईंकडे ठेवायचा, हे औषध लिहितानाच ठरवते, फोड आल्यावर नाही. आणि आशाताईंच्या गृहभेटीच्या वहीत आम्ही शाईनं एक प्रश्न वाढवला आहे : बांगडी चढते का?

गेल्या महिन्यात शेवंताबाई मुलीला घेऊन आल्या. "माह्या पोरीले बी होईन का मॅडम?" मी सांगितलं, रुग्णाच्या सख्ख्या नात्यात धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी बहुतेकांना होत नाही, दुखणं नसताना रक्त तपासून काही हाती लागत नाही. मुलगी गुल घासत नाही म्हणाली. आई तिच्याकडे बघत राहिली, तेव्हा 'कधीमधी' म्हणाली. मी तिचे दोन्ही हात घेतले आणि बोटांची मुळं दाबून पाहिली. दुखलं नाही.